विद्यार्थी म्हणून पाहिलेल्या कराडला कायमचे राहायला यावे का?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८८ ते १९९२ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. आता वय ५५ असून कंपनीने देऊ केलेली स्वेच्छानिवृत्ती त्यांनी घेतली आहे. पत्नी घरी बसून दोन-तीन कंपन्यांचे हिशेब पाहतात, आईंचे वय ७९ असून त्यांना हृदयविकार आहे आणि मुलगी नववीत शिकते. डोंबिवलीचे घर विकावे, कराडच्या कॉलेजांच्या भागात, विद्यानगरात, दुसऱ्या मजल्यावरची दोन बेडरूमची एक सदनिका पाहून ठेवली आहे ती घ्यावी आणि येत्या मे महिन्यात मुक्काम हलवावा, असा त्यांचा बेत आहे. गाव ओळखीचे, शिक्षणाची सोय दाराशी, मोठे रुग्णालय जवळ आणि खर्च कमी, ही त्यामागची कारणे त्यांनी दिली आहेत.

मी गेली एकतीस वर्षे कराडमध्ये स्थापत्य अभियंता आणि मालमत्तेचा मूल्यांकनकार म्हणून काम करतो. गृहकर्जासाठी घराचे मूल्यांकन करायला गेलो की घराबरोबर माणसेही भेटतात. कोण कुठून आले, कशासाठी आले आणि पाच-सात वर्षांनी तेच घर विकायला काढून का निघाले, हे सगळे कानावर पडते. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. आपण कराडला जरूर या, परंतु येत्या मे महिन्यात नको, डोंबिवलीचे घर विकून नको आणि बहुधा त्या सदनिकेत तर नकोच.

आपण पत्रात ज्या कराडबद्दल लिहिले आहे ते चार वर्षे राहणाऱ्यांचे कराड आहे. सकाळी टपरीवरचे पोहे, दुपारी मेस, संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फेरी आणि परीक्षा संपली की पिशवी उचलून एसटी स्टँड, असा तो दिनक्रम होता. विद्यानगर आजही नेमके त्याच दिनक्रमासाठी बांधलेले आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे, सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय त्याच्याही आधीचे, १९५४ चे. त्यांच्याभोवती पुढे औषधनिर्माणशास्त्र, विज्ञान आणि इतर महाविद्यालये उभी राहिली. साहजिकच तिथले दुकान, तिथली खोली आणि तिथले जेवण हे सारे अठरा ते बावीस वयाच्या, जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढणाऱ्या आणि मे महिन्यात गावी जाणाऱ्या माणसाच्या मापाचे आहे. आपल्या घरात तसे माणूस आज एकही नाही. मुलगीसुद्धा त्या वयाला पोहोचायला अजून तीन-चार वर्षे आहेत. त्यामुळे कॉलेजच्या गावाची पारख करताना ते गाव विद्यार्थ्याला काय देते हे बाजूला ठेवून, विद्यार्थी निघून गेल्यावर मागे राहणाऱ्याला काय देते, एवढेच पाहावे.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी विद्यानगरातल्या एका तीन मजली इमारतीत मूल्यांकनासाठी गेलो होतो. बारा सदनिका होत्या, त्यांपैकी एका सदनिकेत मुंबईहून निवृत्त होऊन आलेले एक दांपत्य राहत होते आणि उरलेल्या अकरा सदनिका मालकांनी कॉट बेसिसवर, म्हणजे दर खाटेमागे भाडे घेऊन, मुलांना दिल्या होत्या. मी सकाळी साडेआठला पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याखाली ओळीने सहा बादल्या आणि दोन स्टीलचे पिंप भरून ठेवलेले दिसले. काकूंनी सांगितले की पहाटे पाचला उठून पाणी भरून ठेवावे लागते, कारण साडेसातनंतर नळाला थेंब येत नाही. मी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. टाकी आठ हजार लिटरची होती आणि हिशेबाने ती बरोबरच होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. बारा घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे साठ माणसांना ८,१०० लिटर. पण प्रत्यक्षात अकरा सदनिकांत सात-सात मुले होती. ७७ मुले आणि हे दोघे मिळून गरज साडेदहा हजार लिटरच्या पुढे गेली होती आणि ती सगळी मुले आठ वाजताच्या तासासाठी एकाच दीड तासात आंघोळ करत होती. शौचटाकीचीही तीच गत होती. कुटुंबांच्या संख्येवर काढलेली टाकी वसतिगृहाच्या भाराखाली चालत असल्याने ती दर चार महिन्यांनी उपसावी लागत असे. त्यात त्या मुलांचा काही दोष नव्हता, ती सभ्य आणि मदत करणारी मुले होती. इमारतीचा आराखडा एका वस्तीसाठी मंजूर झाला आणि वापर दुसऱ्याच वस्तीसाठी झाला, एवढीच खरी अडचण होती. त्या दांपत्याने दोन वर्षांनी ते घर विकले.

म्हणून आपण पाहिलेल्या सदनिकेबद्दल पहिला प्रश्न असा आहे की, त्या इमारतीत मालक स्वतः राहत असलेल्या सदनिका किती आहेत. निम्म्यापेक्षा कमी असतील तर ते घर आपल्यासारख्या कुटुंबाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्यामुळे गैरसोय होते हे खरे, पण मोठे कारण पुढे आहे. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाला भाडे वेळेवर येण्याशी मतलब असतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, जिन्यातला दिवा, लिफ्टची देखभाल यांसाठी वर्गणी काढायची म्हटली की अकरापैकी आठ मालक फोन उचलत नाहीत. अशा इमारतीत सोसायटी नावापुरतीही नसते. बऱ्याच ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था न करता अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेले असते. त्यात गैर काही नाही, पण घोषणापत्रात गच्ची, पार्किंग आणि मोकळ्या जागेवर कोणाचा हक्क लिहिला आहे, हे शब्दन् शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. गच्चीचा हक्क विकासकाने स्वतःकडे ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, नोंदणीतून सूट आहे आणि छोट्या शहरातल्या बहुतेक इमारती याच मापाच्या असतात. मुंबईकडच्या माणसाला रेराच्या संकेतस्थळावर सगळे पाहून घेण्याची सवय झालेली असते. इथे ते संकेतस्थळ बहुधा रिकामे दिसेल आणि मंजूर नकाशा, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे आपल्यालाच मिळवून तपासावी लागतील.

दुसरी गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कराड हे नाव एक असले तरी कारभार तीन ठिकाणी चालतो. पेठांचे जुने गाव कराड नगरपरिषदेकडे आहे, महामार्गालगतचे मलकापूर हे वेगळ्या नगरपरिषदेचे आहे आणि कृष्णा ओलांडल्यावर येणारे विद्यानगर हे सैदापूर ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते. पाणी, कचरा, गटार, घरपट्टी आणि बांधकामाची परवानगी या सर्व बाबतीत आपण कोणत्या हद्दीत आहोत त्यावर रोजचे जगणे ठरते. मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना राबवली आणि ती पाहायला राज्यभरातून लोक आले. तीच सोय नदीच्या दुसऱ्या तीरावर मिळेल असे गृहीत धरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत कराड नगरपरिषद हद्दीची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती आणि गाव केवढे लहान आहे हे सांगताना लोक तोच आकडा देतात. मात्र मलकापूर आणि सैदापूर त्यात धरलेले नाहीत. सकाळी दहा वाजता कृष्णा नाक्यावर किंवा कोल्हापूर नाक्यावर उभे राहिल्यास हे शहर त्या आकड्यापेक्षा बरेच मोठे आहे हे दिसते आणि भोवतालच्या खेड्यांतून रोज येणारी माणसे त्यात निराळी.

आता आपल्या आईंबद्दल, कारण माझ्या दृष्टीने हा निर्णय त्यांच्यावरच ठरायला हवा. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असलेले गाव ज्येष्ठ माणसासाठी खरोखर मोठा आधार असते आणि या बाबतीत कराड आपल्या आकाराच्या गावांच्या पुष्कळ पुढे आहे. मलकापूरला १९८४ साली सुरू झालेले कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय यांमुळे रात्री दोन वाजताही तज्ज्ञ, रक्त आणि अतिदक्षता विभाग मिळू शकतो. तालुक्याच्या गावी ही गोष्ट सहज मिळणारी नाही. परंतु आपण घर पाहिले आहे ते विद्यानगरात, म्हणजे रुग्णालयाच्या नेमक्या विरुद्ध टोकाला. तिथून निघून कृष्णेचा पूल ओलांडायचा, गावातून आरपार जायचे, कोल्हापूर नाक्यावर महामार्ग गाठायचा आणि मग मलकापूर. अंतर फार नाही. पण महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे त्या नाक्यावर गावकऱ्यांनी किती हाल सोसले आहेत हे इथल्या कोणालाही विचारा. हृदयविकाराच्या रुग्णाला अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, ते मिनिटांत मोजावे लागते. आपण स्वतः एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा मध्यरात्रीनंतर ते अंतर गाडीने कापून पाहा आणि दोन्ही वेळा लिहून ठेवा. आईंचा सध्याचा हृदयरोगतज्ज्ञ, त्यांची औषधे आणि आपला आरोग्य विमा इथल्या रुग्णालयात कॅशलेस चालतो का, हे तीन मुद्दे घर पाहण्यापूर्वीच निकालात काढा.

आणि दुसरा मजला. लिफ्ट आहे असे आपण लिहिले आहे, पण वीज गेल्यावर ती चालवणारा जनरेटर आहे का आणि त्याच्या डिझेलचे पैसे कोण भरतो, हे लिहिलेले नाही. महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीसाठी दिवसा काही तास वीज बंद राहणे इथे नित्याचे आहे. अशा दिवशी ७९ वर्षांच्या बाईंना एक तर घरात अडकून राहावे लागेल किंवा छत्तीस पायऱ्या उतराव्या लागतील. मलकापूर किंवा गावाच्या बाजूला तळमजल्यावरचे किंवा पहिल्या मजल्यावरचे घर त्यांच्यासाठी अधिक योग्य ठरेल. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ या जुन्या भागांत गाडी लावायला जागा कमी मिळते, परंतु किराणा, औषधाचे दुकान, देऊळ, भाजी आणि ओळखीचा डॉक्टर हे सारे पायी दहा मिनिटांत येते. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे असतात आणि दोन दिवस म्हातारे माणूस ओट्यावर दिसले नाही तर कोणीतरी दार वाजवते. विद्यानगरात शेजारी दर जुलै-ऑगस्टमध्ये बदलतो.

मुलीच्या शिक्षणाबद्दल आपल्या मनात एक समजूत दिसते की महाविद्यालय दाराशी असले म्हणजे तिला तिथे जागा मिळणे सोपे होईल. तसे होत नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या आणि वैद्यकीयचा प्रवेश नीटच्या गुणवत्ता यादीवर होतो आणि राहत्या घराच्या अंतराला त्यात काही स्थान नाही. ती कदाचित पुण्याला, नागपूरला किंवा रत्नागिरीला जाईल आणि ज्या कारणासाठी आपण घर घेतले ते कारण चार वर्षांत संपलेले असेल. इथल्या अनेक हुशार मुलांचे पालक अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी मुलांना लातूरला किंवा पुण्याला ठेवतात, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. नववीतून दहावीत जाताना शाळा बदलणे तर मला सर्वांत चुकीचे वाटते. सीबीएसईची शाळा असेल तर नववीतच बोर्डाची नोंदणी झालेली असते आणि राज्य मंडळाची असली तरी दहावीच्या वर्षात शाळा, शिक्षक आणि मैत्रिणी एकदम तोडणे हे मुलांना फार जड जाते. तिची दहावी डोंबिवलीत होऊ द्या. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी स्थलांतर केले तर नवीन वर्गात सगळेच नवीन असतात आणि तिला एकटे पडल्यासारखे वाटत नाही. आणि तिलाही विचारा. आपल्या पत्रात तिचे मत कुठेच आलेले नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला लहान शहरात सायकलने सगळीकडे जाता येते, ही मोठी मोकळीक असते. पण कोणाची मुलगी कुठे दिसली हे संध्याकाळपर्यंत घरी कळते, याचीही तिला कल्पना हवी.

खर्चाबाबत आपला अंदाज अर्धा बरोबर आहे. भाजी, दूध, घरकामाची मदत आणि येणे-जाणे यांचा खर्च डोंबिवलीपेक्षा कमी होईल. घराची किंमत मात्र कॉलेजच्या भागात भाड्याच्या हिशेबाने ठरते, कुटुंबाच्या ऐपतीने ठरत नाही. एका सदनिकेत सात मुले ठेवून येणारे भाडे हे त्या घराच्या किमतीचे मूळ असते, त्यामुळे तेवढ्याच आकाराचे घर मलकापूरच्या आतल्या बाजूला किंवा कार्वे नाक्याकडे अनेकदा कमी पैशांत मिळते. कुटुंब म्हणून राहणारा माणूस विद्यानगरात घर घेतो तेव्हा तो स्वतः कधीच न मिळवणाऱ्या भाड्याची किंमत मोजत असतो. पुढे विकताना तीच किंमत परत मिळेल अशी खात्री धरू नका. याबाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. २०१८ मध्ये माझ्या मेहुण्यांना मी कॉलेजजवळ दोन लहान सदनिका घ्यायला सांगितले, कारण तोपर्यंत वीस वर्षांत तिथली खोली रिकामी राहिलेली मी पाहिली नव्हती. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, मुले गावी गेली आणि दीड वर्ष हप्ते चालू राहून भाडे शून्य होते. त्यांनी आपली ठेव मोडून हप्ते भरले. मेहुण्यांनी मला कधी बोल लावला नाही, तरी ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून, एकाच प्रकारच्या भाडेकरूवर जगणाऱ्या इमारतीच्या मूल्यांकनात मी भाड्याचा आकडा कधीही जसाच्या तसा धरत नाही. संस्थेने आवारात नवे वसतिगृह बांधले तरी आसपासच्या घरांवर हाच परिणाम होतो. त्याला साथीची गरज लागत नाही.

नद्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण १९८८ ते ९२ मध्ये आपल्याला प्रीतिसंगम फक्त फिरण्याची जागा म्हणून माहीत असेल. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात आणि मग काटकोनात वळून पुढे वाहतात. असे संगम क्वचित पाहायला मिळतात आणि यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे. पण याच रचनेमुळे कोयनेच्या १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणातून विसर्ग सुरू असताना कृष्णेलाही पूर आला की दोन्ही पाणी एकमेकांना अडवतात आणि गावाकडे फुगवटा येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा नदीकाठच्या वस्त्यांमधून लोकांना हलवावे लागले. पाटण कॉलनीतल्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ मी स्वतः टेपने मोजली आहे. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, दोन रेषांच्या मध्ये अटी आहेत. आपल्या सदनिकेचा गट क्रमांक घेऊन तो या रेषांच्या नकाशावर कुठे पडतो हे अभियंत्याकडून लेखी घ्या. विकणारा ‘इथे पाणी कधीच आले नाही’ असे म्हणेल. तेवढ्यावर न थांबता खालच्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ मध्ये साखरेची पोती कुठे हलवली होती. उत्तर लगेच मिळते.

घराच्या रचनेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि कोयनानगर कराडपासून साठ किलोमीटरच्या आत आहे. त्या भागात लहान धक्के आजही बसतात. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भरीव भिंतींचे तीन-चार मजले अशी रचना असेल, तर भूकंपात तो खालचा मजलाच सर्वांत आधी वाकतो. खांब पुरेसे रुंद आहेत का, तुळयांशी त्यांचे जोड नकाशाप्रमाणे केले आहेत का, नंतर कोणी दुकानासाठी पार्किंगमधली भिंत पाडली आहे का, हे पाहायला स्ट्रक्चरल अभियंत्याला अर्धा दिवस लागतो. त्याचे शुल्क सदनिकेच्या किमतीपुढे नगण्य आहे. अंतर्गत सजावटीवर लाखो रुपये खर्च करणारे लोक हा अर्धा दिवस वाचवतात, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पुणे साधारण १६० किलोमीटर, कोल्हापूर पंचाहत्तरच्या आसपास, सातारा पन्नासच्या आसपास. मुंबईच्या नातेवाइकांसाठी कोयना आणि महालक्ष्मी एक्सप्रेस आहेत आणि त्या कल्याणला थांबतात, ही आपली मोठी सोय होईल. रेल्वे स्टेशन मात्र गावात नसून ओगलेवाडीला आहे, ज्या ओगल्यांच्या काचकारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने एके काळी घरोघरी उजेड केला ती ही वाडी. विद्यानगरातून ते जवळ, मलकापुरातून दूर. दिवाळीनंतर उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की सह्याद्री आणि कृष्णा कारखान्यांकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. त्या चार-पाच महिन्यांत अंधार पडल्यावर दुचाकी चालवताना विशेष जपावे लागते.

आपल्या पत्नींच्या कामासाठी इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या आणि इन्व्हर्टर एवढे पुरेसे आहे, त्याची काळजी नको. आपल्या स्वतःच्या वेळेची मात्र मला अधिक काळजी वाटते. पंचावन्नाव्या वर्षी काम थांबवून आलेला माणूस पहिले सहा महिने जुन्या जागा पाहण्यात घालवतो आणि नंतर त्याला कळते की महाविद्यालयात त्याच्या ओळखीचे आता कोणी उरलेले नाही. ज्यांनी इथे मूळ धरले ते सगळे महाविद्यालयाबाहेरच्या कराडशी जोडले गेले. नगरवाचनालय, वेणूताई चव्हाण स्मारकातला यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह, डिसेंबरातला विजय दिवस समारोह, आगाशिवच्या डोंगरावर पहाटे चढणारे गट, यांतल्या कशात तरी त्यांनी स्वतःला गुंतवले. हे गाव महाविद्यालयांपुरते कधीच नव्हते. दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखालचे १९७५ चे साहित्य संमेलन इथेच भरले आणि ऐन आणीबाणीत बाई इथल्या व्यासपीठावरून निर्भयपणे बोलल्या. ते कराड पाहिलेली वडीलधारी मंडळी आजही इथे राहतात आणि चार वर्षांच्या मुक्कामात त्यांची गाठ पडत नाही. आपल्याला अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पात मार्गदर्शन करायचे असेल तर तसे विभागप्रमुखांना आधी पत्र लिहून विचारा. महाविद्यालयाशी नवे नाते जोडायचे असेल तर ते कामातूनच जुळते.

तर क्रम असा धरावा असे मी सुचवतो. मुलीची दहावी होईपर्यंत डोंबिवली सोडू नये. मधल्या काळात तीन वेळा, दर वेळी निदान आठ-आठ दिवस, कराडला येऊन राहावे. पहिल्यांदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा नद्या भरलेल्या असतात आणि नवी मुले खोल्या शोधत असतात. दुसऱ्यांदा जानेवारीत, जेव्हा महाविद्यालये आणि साखर कारखाने दोन्ही भरात असतात. तिसऱ्यांदा मेच्या शेवटी, जेव्हा विद्यानगरातल्या निम्म्या मेस आणि झेरॉक्सची दुकाने बंद असतात, रस्ते मोकळे असतात आणि ऊन असह्य असते. बहुतेक लोक घर पाहायला डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी येतात, थंडीत संगमावर फिरतात आणि तेवढ्यावर ठरवतात. किमान एका फेरीत आई सोबत असाव्यात.

त्यानंतर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्यावा, राज्यात ती नोंदणी सक्तीची आहे आणि ‘इथे कोणी नोंदवत नाही’ हे घरमालकाचे उत्तर मान्य करू नये. त्या काळात डोंबिवलीचे घर भाड्याने द्यावे. पुढे ते विकायचे ठरले तरी घाई होत नाही, कारण राहते घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरची आयकरातली सवलत विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तरी मिळते. न वापरलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते, तेवढे आपल्या पत्नींना माहीत असेलच. मुंबईच्या परिसरातले घर एकदा विकले की त्याच पैशांत पुन्हा तिथे घर घेता येत नाही, ही गोष्ट मी दहा-बारा कुटुंबांच्या तोंडून ऐकली आहे आणि त्यांतल्या तिघांना खरोखर परत जायचे होते.

त्या सदनिकेच्या मालकांनी एक लाख रुपये विसार देऊन व्यवहार पक्का करण्याचा आग्रह धरला आहे आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगितले आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. विद्यानगरात त्या मापाच्या सदनिका दरवर्षी विकायला येतात, तेव्हा हे गिऱ्हाईक खरे असले तरी आपले नुकसान होत नाही. त्यांच्याकडून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घोषणापत्र आणि मागील तीन वर्षांच्या पाणीपट्टीच्या पावत्या यांच्या प्रती मागवा. त्या हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आल्या की मला पाठवा, मी वाचून कळवीन.